बायोप्सी रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलेलं असतं? मेंदू आणि मूत्राशयाच्या कॅन्सरची गाठ पॅथॉलॉजिस्ट कशी ‘वाचतात’?

ऑपरेशन होतं. सर्जन बाहेर येऊन सांगतात, "गाठ काढली आहे, आता रिपोर्टची वाट बघू." त्यानंतरचे आठ-दहा दिवस घरच्यांसाठी सगळ्यात अवघड असतात. मग एक दिवस मोबाइलवर पीडीएफ येते. दोन-तीन पानं, सगळी इंग्रजीत. त्यात कुठेतरी ‘ग्रेड ४’ लिहिलेलं असतं, कुठे ‘हाय ग्रेड’, कुठे ‘मसल नॉट सीन’. ती पीडीएफ फॅमिली ग्रुपवर फिरते, कुणी गुगल करतं, कुणी एआय चॅटबॉटला विचारतं. आणि ‘ग्रेड ४ म्हणजे शेवटची स्टेज’ असा चुकीचा अर्थ काढून घर हादरतं.

हा रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर रुग्णाला बहुतेक वेळा कधीच भेटत नाहीत. ते असतात पॅथॉलॉजिस्ट. मात्र ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं की नाही, कोणतं औषध चालेल, एखादा अवयव काढावा लागेल की वाचवता येईल, यातले बरेच निर्णय त्यांनी मायक्रोस्कोपखाली काय पाहिलं यावरच ठरतात.

मेंदू आणि मूत्राशय हे शरीरातले दोन अगदी वेगळे अवयव आहेत. तिथल्या कॅन्सरच्या गाठी तपासण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. पण काही बाबतींत या दोन गाठींमध्ये आश्चर्य वाटावं इतकं साम्य सापडलं आहे. ते कोणतं, आणि रिपोर्टमधल्या या शब्दांचा अर्थ काय, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी थोडी आकडेवारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन’ अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात मूत्राशयाच्या कॅन्सरचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे २ लाख २० हजार मृत्यू झाले. त्याच वर्षी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख २२ हजार नवे रुग्ण होते आणि मृत्यू होते सुमारे २ लाख ४८ हजार.

म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरचे रुग्ण जवळपास दुप्पट, तरी मृत्यू मेंदूच्या कॅन्सरने जास्त. यामागे अवयवाचा फरक आहे, तसाच गाठीच्या स्वभावाचाही आहे. गाठीचा हा स्वभाव ओळखणं हेच पॅथॉलॉजीचं काम.

गाठ काढल्यानंतर तिचं काय होतं?

ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेला तुकडा लगेच फॉर्मलिनच्या बरणीत टाकला जातो. साधारण १० टक्के फॉर्मलिनमध्ये पेशी जशा आहेत तशाच ‘थांबतात’, सडत नाहीत. घाईत तुकडा साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये तसाच राहिला, तर पेशी खराब होतात आणि नंतर कितीही चांगली लॅब असली तरी उपयोग होत नाही.

लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट आधी नुसत्या डोळ्यांनी तुकडा बघतात. आकार, रंग, वजन, तो मऊ आहे की कडक, याची नोंद होते. या टप्प्याला ‘ग्रॉसिंग’ म्हणतात. त्यानंतर तुकड्यातलं पाणी काढून तो पॅराफिन मेणात बसवला जातो. मेणाचा हा छोटा ठोकळा म्हणजे ‘ब्लॉक’. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा आहे.

ब्लॉकचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतले जातात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतका पातळ काप रंगहीन दिसतो, म्हणून त्याला रंग द्यावा लागतो. जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी जोडी म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतल्या लॉगवुड नावाच्या झाडापासून मिळतं. त्याने पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं. इओसिनने बाकीचा भाग गुलाबी दिसतो. रिपोर्टमध्ये ‘एच अँड ई’ असं लिहिलेलं असतं ते हेच.

या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर पॅथॉलॉजिस्ट काय शोधतात? केंद्रकं एकसारखी आहेत की लहान-मोठी, वेडीवाकडी. किती पेशी विभाजन होताना दिसत आहेत. पेशी आपली जागा सोडून शेजारच्या थरात घुसल्या आहेत का. मेलेल्या पेशींचे पट्टे दिसतात का. नव्या रक्तवाहिन्या वेड्यासारख्या वाढल्या आहेत का.

ग्रेड आणि स्टेज एकच का नाही?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

ग्रेड म्हणजे पेशी दिसायला आणि वागायला किती बिघडल्या आहेत. स्टेज म्हणजे गाठ शरीरात किती लांब पोहोचली आहे. ग्रेड मायक्रोस्कोपखाली ठरते. स्टेज ठरवायला मायक्रोस्कोपसोबत स्कॅनचीही मदत लागते.

मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये ग्रेड आणि स्टेज दोन्ही असतात. मेंदूत उगम पावणाऱ्या गाठींना मात्र नेहमीसारखी स्टेजच दिली जात नाही. कारण या गाठी मेंदूतल्या मेंदूत मुळांसारख्या पसरतात, पण यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत त्या क्वचितच जातात. त्यामुळे मेंदूच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड ४’ दिसलं, तर त्याचा अर्थ ‘कॅन्सर सगळ्या अंगात पसरला आहे’ असा होत नाही. गाठ सर्वांत आक्रमक गटातली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही बातमी गंभीर असते हे खरं, पण ‘स्टेज ४’ ही वेगळी गोष्ट आहे.

मेंदूची गाठ : ऑपरेशन चालू असतानाच पहिला निकाल

मेंदूच्या अनेक ऑपरेशनमध्ये पॅथॉलॉजिस्टला तातडीने बोलावलं जातं. डोक्याची कवटी उघडलेली असते, सर्जन थांबलेले असतात आणि तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा लॅबमध्ये येतो. तो गोठवून त्याचे काप घेतात, याला ‘फ्रोझन सेक्शन’ म्हणतात. किंवा तुकड्याचा कण दोन काचांमध्ये दाबून पसरवतात, त्याला ‘स्क्वॉश स्मिअर’ म्हणतात. अर्ध्या तासाच्या आत प्राथमिक उत्तर द्यायचं असतं.

ही घाई कशासाठी? कारण एमआरआयवर सारख्याच दिसणाऱ्या गोष्टी प्रत्यक्षात फार वेगळ्या असू शकतात. कडेने चमकणारी गोल गाठ ही ग्लायोब्लास्टोमा असू शकते, फुप्फुसाच्या कॅन्सरचा मेंदूत आलेला तुकडा असू शकतो, पूचा फोड असू शकतो. भारतात तर ती टीबीची गाठही असू शकते, जिला ट्युबरक्युलोमा म्हणतात. टीबीची गाठ औषधाने बरी होऊ शकते. मेंदूतला लिम्फोमा असेल तर मोठी चिरफाड करून गाठ पूर्ण काढण्याने सहसा फायदा होत नाही, केमोथेरपीच मुख्य उपचार असतो. सर्जनने पुढे किती कापायचं, हे त्या अर्ध्या तासात ठरू शकतं.

अर्थात हा निकाल प्राथमिक असतो. गोठवलेल्या कापांची प्रत मेणातल्या कापांइतकी चांगली नसते. म्हणून ‘ऑपरेशनच्या वेळी एक सांगितलं आणि रिपोर्टमध्ये दुसरंच आलं’ असं काही वेळा होतं. त्यात लपवाछपवी नसते.

‘मेंदूचा कॅन्सर’ हा एक आजार नाही

प्रौढांच्या मेंदूत सापडणाऱ्या अनेक गाठी मुळात मेंदूच्या नसतातच. फुप्फुस, स्तन अशा ठिकाणचा कॅन्सर तिथे पोहोचलेला असतो. मेंदूतच किंवा त्याच्या आवरणात उगम पावणाऱ्या गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळते ती मेनिंजिओमा. ती मेंदूच्या आवरणातून येते आणि बहुतेक वेळा ग्रेड १ ची, हळू वाढणारी असते.

मेंदूच्या आतल्या आधार देणाऱ्या पेशींना ग्लायल पेशी म्हणतात. त्यांच्यासारख्या पेशींच्या गाठी म्हणजे ग्लायोमा. या गाठींचं आधुनिक वर्गीकरण पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९२६ मध्ये केलं. पुढची जवळपास ९० वर्षं गाठ मायक्रोस्कोपखाली कशी दिसते यावरच तिचं नाव ठरत होतं.

काही चित्रं पॅथॉलॉजिस्ट पाहताक्षणी ओळखतात. ऑलिगोडेंड्रोग्लायोमामध्ये पेशी हाफ फ्राय अंड्यासारख्या दिसतात, मध्ये गोल केंद्रक आणि भोवती पांढरी मोकळी जागा. ग्लायोब्लास्टोमामध्ये मेलेल्या पेशींच्या पट्ट्याभोवती जिवंत पेशी कुंपणासारख्या रांगेत उभ्या दिसतात आणि रक्तवाहिन्यांचे गुच्छ झालेले असतात.

पण प्रत्येक गाठ इतकी स्पष्ट नसते. एकाच स्लाइडवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टचं मत वेगळं पडायचं. आणि एकच नाव मिळालेल्या दोन रुग्णांपैकी एक दहा वर्षं जगायचा, तर दुसरा वर्षभरात जायचा. काहीतरी निसटत होतं.

२००८ मध्ये काय सापडलं?

२००८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी ग्लायोब्लास्टोमाच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आयडीएच१ नावाच्या जनुकात काही रुग्णांमध्ये ठरावीक जागी बदल सापडला. हे रुग्ण तुलनेने तरुण होते आणि जास्त काळ जगत होते.

त्यातून कळलं की ज्यांना एकच आजार समजलं जात होतं, ते दोन वेगळे आजार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात पहिल्यांदा मेंदूच्या गाठीच्या नावातच जनुकीय माहिती आली. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत ती आणखी पक्की झाली.

आज प्रौढांमधल्या पसरणाऱ्या ग्लायोमाचे तीन मुख्य गट मानले जातात.

१. ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट – आयडीएचमध्ये बदल आहे. ग्रेड २, ३ किंवा ४.

२. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा – आयडीएचमध्ये बदल आहे आणि सोबत १पी व १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन भाग गायब आहेत. ग्रेड २ किंवा ३. तिन्हींमध्ये याचा कल सर्वांत बरा.

३. ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच वाइल्डटाइप – आयडीएचमध्ये बदल नाही. ही नेहमी ग्रेड ४.

‘वाइल्डटाइप’ शब्दाने अनेकजण घाबरतात. इथे त्याचा अर्थ ‘जंगली’ किंवा ‘भयानक’ असा नाही. जनुक मूळ स्थितीत आहे, बदललेलं नाही, एवढंच. गंमत म्हणजे ग्लायोमाच्या बाबतीत हे जनुक बदललेलं असणं रुग्णासाठी जास्त बरं लक्षण आहे.

आणखी एक बदल मोठा आहे. गाठ मायक्रोस्कोपखाली फार आक्रमक दिसत नसली, पण आयडीएच मूळ स्थितीत आहे आणि टर्ट नावाच्या जनुकाच्या स्विचमध्ये बदल, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती किंवा सातव्या-दहाव्या गुणसूत्रातला ठरावीक बदल सापडला, तर प्रौढ रुग्णात ती ग्लायोब्लास्टोमाच धरली जाते. डोळ्याला साधी दिसणारी गाठ स्वभावाने ग्रेड ४ निघू शकते.

ही तपासणी खूप महाग असते का?

सगळीच नाही. आयडीएचमधला सर्वांत जास्त आढळणारा बदल ‘आर१३२एच’ म्हणून ओळखला जातो. ग्लायोमातल्या आयडीएच बदलांपैकी जवळपास ९० टक्के हाच असतो. तो ओळखणारी अँटिबॉडी उपलब्ध आहे. मेणातल्या कापावर ती टाकली की बदललेल्या पेशी तपकिरी दिसतात. या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, रिपोर्टमध्ये ‘आयएचसी’.

५५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या रुग्णात गाठ ग्लायोब्लास्टोमासारखीच दिसत असेल आणि ही चाचणी निगेटिव्ह असेल, तर अनेकदा आयडीएचसाठी पुढची जनुकीय तपासणी लागत नाही. वय कमी असेल तर आयडीएचचे दुर्मीळ बदल शोधण्यासाठी सीक्वेन्सिंग सुचवलं जातं.

रिपोर्टमध्ये ‘केआय-६७’ असाही आकडा असतो. किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत हे तो सांगतो. हे नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आलं आहे, जिथे १९८३ मध्ये ही अँटिबॉडी तयार झाली. हा आकडा उपयोगी असतो, पण एकट्या त्याच्यावरून निदान होत नाही.

गाठीवरून औषध चालेल की नाही हे कळतं का?

काही प्रमाणात हो. ग्लायोब्लास्टोमात रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड ही गोळी दिली जाते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या रेडिएशनने रुग्ण सरासरी १२.१ महिने जगले, गोळीसोबत १४.६ महिने. सरासरी इथे मध्यक अर्थाने, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले.

त्याच अभ्यासातल्या गाठींची पुढे तपासणी झाली. एमजीएमटी नावाचं जनुक पेशीची दुरुस्ती करतं, म्हणजे औषधाने केलेलं नुकसान भरून काढतं. ज्यांच्या गाठीत या जनुकाचा स्विच ‘मिथायलेशन’मुळे बंद होता, त्यांच्यात गोळी जास्त लागू पडली. गोळी घेतलेल्या अशा रुग्णांपैकी ४६ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते. स्विच चालू असलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. स्कॅनवर दोन्ही गाठी सारख्याच दिसल्या असत्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने व्होरासिडेनिब या गोळीला मंजुरी दिली. आयडीएचमध्ये बदल असलेल्या ग्रेड २ च्या गाठींसाठी हे औषध आहे. २००८ मध्ये प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट औषधापर्यंत यायला १६ वर्षं लागली.

मूत्राशयाची गाठ : सगळं अडतं एका थरावर

मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत नेहमीचं लक्षण म्हणजे लघवीतून रक्त जाणं, आणि तेही बहुतेक वेळा न दुखता. एकदा रक्त जातं, मग आपोआप थांबतं, आणि ‘उष्णता झाली असेल’ म्हणून विषय संपवला जातो. त्यात महत्त्वाचे महिने जातात.

दुर्बिणीतून मूत्राशयात गाठ दिसली की ती लघवीच्या मार्गातूनच खरवडून काढतात. याला टीयूआरबीटी म्हणतात. हे ऑपरेशन एकाच वेळी उपचारही असतं आणि बायोप्सीही.

मूत्राशयाची भिंत थराथरांची असते. सर्वांत आत यूरोथेलियम हे अस्तर. त्याखाली जोड-ऊतींचा सैल थर. त्याखाली जाड स्नायू, ज्याच्या आकुंचनाने लघवी बाहेर पडते. आणि बाहेर चरबी. पॅथॉलॉजिस्टसमोरचा सर्वांत मोठा प्रश्न असतो, कॅन्सर कोणत्या थरापर्यंत पोहोचला?

- टीए : अस्तरातच वाढलेली, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ.
- टीआयएस किंवा सीआयएस : अस्तरातच, पण सपाट. दिसायला नुसता लाल डाग, पण पेशी नेहमी हाय ग्रेड.
- टी१ : अस्तराखालच्या थरात शिरलेली.
- टी२ : स्नायूत शिरलेली.
- टी३, टी४ : स्नायू ओलांडून चरबीत किंवा शेजारच्या अवयवात.

निदानाच्या वेळी साधारण चारपैकी तीन रुग्णांमध्ये कॅन्सर स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. अशा वेळी गाठ खरवडणं, मूत्राशयात औषध सोडणं आणि ठरावीक काळाने दुर्बिणीने तपासत राहणं, यावर भागू शकतं. स्नायूत शिरलेला असेल तर केमोथेरपीनंतर मूत्राशय काढून टाकणं, किंवा निवडक रुग्णांमध्ये केमो आणि रेडिएशन एकत्र देऊन मूत्राशय वाचवणं, असे मोठे उपचार लागतात. पोटावर पिशवी लावून जगायचं की नाही, हा प्रश्न काही मिलिमीटरच्या स्नायूवर येऊन ठेपतो.

‘मसल नॉट सीन’ म्हणजे चांगली बातमी का नाही?

कारण त्याचा अर्थ ‘स्नायूत कॅन्सर नाही’ असा नसतो. तपासायला आलेल्या तुकड्यात स्नायूच नव्हता, असा असतो. जी गोष्ट आलीच नाही, तिच्याबद्दल पॅथॉलॉजिस्ट काही सांगू शकत नाहीत.

‘मसल प्रेझेंट, नॉट इन्व्हॉल्व्ह्ड’ असं लिहिलं असेल तर स्नायू आला आहे आणि त्यात कॅन्सर दिसला नाही. दोन वाक्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाठ टी१ असेल, किंवा हाय ग्रेड असून तुकड्यात स्नायू नसेल, तर साधारण दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा टीयूआरबीटी करण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. ‘एकदा ऑपरेशन झालं, परत कशाला?’ असं रुग्णाला वाटणं साहजिक आहे. पण दुसऱ्या वेळी काही रुग्णांमध्ये आजार आधी वाटला त्यापेक्षा खोल निघतो.

इथे आणखी एक बारकावा आहे. अस्तराखालच्या सैल थरातही स्नायूचे बारीक धागे असतात. ते म्हणजे भिंतीचा मुख्य स्नायू नव्हे. म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये नुसतं ‘मसल’ न लिहिता ‘मस्क्युलॅरिस प्रोप्रिया’ असं स्पष्ट लिहितात.

ग्रेडचंही तसंच. लो ग्रेड टीए गाठ पुन्हा पुन्हा येऊन त्रास देते, पण जिवावर क्वचित उठते. हाय ग्रेड टी१ दिसायला लहान असली तरी पुढे स्नायूत शिरण्याचा धोका मोठा. मायक्रोपॅपिलरी, प्लाझ्मासायटॉइड किंवा स्मॉल सेल असे उपप्रकार लिहिलेले असतील, तर आजार जास्त आक्रमक मानून उपचार ठरवले जातात.

टीबीची लस कॅन्सरवर?

टीए हाय ग्रेड, टी१ आणि सीआयएसमध्ये गाठ काढल्यावर मूत्राशयात बीसीजी सोडतात. लहान बाळांना टीबीसाठी देतात तेच बीसीजी, मात्र वेगळ्या मात्रेत. कॅनडातल्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये ९ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि तिथून हा उपचार रुजला. जिवंत पण कमजोर जंतूंमुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि उरलेल्या कॅन्सर पेशींवरही तुटून पडते. मूत्राशयात वापरायचं बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनतं.

बीसीजीनंतरच्या बायोप्सीत ‘ग्रॅन्युलोमा’ हा शब्द आला तर दचकू नये. टीबीत दिसतात तसे हे पेशींचे पुंजके असतात. बीसीजी घेतलेल्या मूत्राशयात ते दिसणं अपेक्षित असतं. फक्त रुग्णाने बीसीजी घेतलं आहे हे पॅथॉलॉजिस्टना माहीत हवं. म्हणूनच तपासणीच्या फॉर्मवर जुनी माहिती पूर्ण लिहिणं गरजेचं आहे.

मूत्राशय आणि तंबाखूचा काय संबंध?

धुरातली रसायनं रक्तात जातात, मूत्रपिंड ती गाळतं आणि ती लघवीतून मूत्राशयात येऊन तासन् तास थांबतात. अस्तराच्या पेशी त्यात भिजत राहतात. मूत्राशयाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमागे धूम्रपान असल्याचं मानलं जातं. पुरुषांमध्ये हा कॅन्सर स्त्रियांपेक्षा तीन ते चार पट जास्त आढळतो.

१८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन सर्जननी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं मांडलं. कामाच्या ठिकाणचं रसायन आणि कॅन्सर यांचा संबंध दाखवणाऱ्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. त्यामुळे रुग्णाने रंग, रबर किंवा चामड्याच्या उद्योगात काम केलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगायला हवं.

मग मेंदू आणि मूत्राशयात साम्य काय?

पहिलं साम्य टर्ट जनुकाचं. पेशी दर वेळी विभागली की तिच्या गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात. कापड उसवू नये म्हणून टोकाला शिलाई मारतात, तशी ही टोकं असतात. ती संपली की पेशी थांबते. टर्टच्या स्विचमध्ये बदल झाला की ही शिलाई पुन्हा पुन्हा घातली जाते आणि पेशी थांबतच नाही. हा बदल बहुसंख्य ग्लायोब्लास्टोमात सापडतो आणि मूत्राशयाच्या बहुसंख्य कॅन्सरमध्येही.

दुसरं साम्य त्याहून नवलाचं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांना ग्लायोब्लास्टोमाच्या सुमारे ३ टक्के गाठींमध्ये एफजीएफआर३ आणि टॅक३ ही चौथ्या गुणसूत्रावरची दोन शेजारी जनुकं एकमेकांना चिकटलेली आढळली. या जोडीमुळे पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असा संदेश जातो. पुढच्याच वर्षी तीच जोडी मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये सापडली.

२०१९ मध्ये अमेरिकेत एर्डाफिटिनिब या औषधाला मूत्राशयाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. एफजीएफआर जनुकात ठरावीक बदल असेल तरच ते दिलं जातं. म्हणजे ‘कॅन्सर कुठे आहे’ याइतकाच ‘कॅन्सर कशामुळे वाढतोय’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे.

याचा अर्थ मूत्राशयाचं औषध मेंदूच्या गाठीवर सरसकट चालतं असा नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामधला संरक्षक पडदा अनेक औषधं आत जाऊ देत नाही, आणि एकच बदल दोन अवयवांत वेगळा वागू शकतो.

एखाद्या रुग्णाला आधी मूत्राशयाचा कॅन्सर झाला असेल आणि नंतर मेंदूत गाठ दिसली, तर ती तिथून आलेली की नवी? इथेही अँटिबॉडी कामाला येतात. जीएफएपी हा रंग ग्लायल पेशींना चढतो. जीएटीए३ आणि सायटोकेराटिन मूत्राशयाच्या पेशींकडे बोट दाखवतात. दोन शक्यतांचे उपचार पूर्ण वेगळे असतात.

बायोप्सीने कॅन्सर पसरतो का?

व्हॉट्सॲपवर हा दावा नेहमी फिरतो. सुईच्या किंवा चिरेच्या वाटेवर पेशी रुजण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत, पण ते दुर्मीळ आहेत आणि ते टाळण्यासाठी काळजी घेतली जाते. बायोप्सी टाळल्याने होणारं नुकसान त्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. टीबीच्या गाठीला कॅन्सर समजणं, किंवा कॅन्सरला ‘साधी गाठ’ समजून महिने घालवणं, हे दोन्ही धोके खरे आहेत.

रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं?

- मेंदूच्या गाठीसाठी विचारा : आयडीएच तपासलं का? गरज असेल तर १पी/१९क्यू आणि एमजीएमटी तपासलं का? अंतिम निदान जनुकीय तपासणीसह आहे की अजून काही यायचं बाकी आहे?
- मूत्राशयाच्या गाठीसाठी विचारा : ग्रेड कोणती? कोणत्या थरापर्यंत? तुकड्यात स्नायू होता का? सोबत सीआयएस आहे का? पुन्हा टीयूआरबीटी लागेल का?
- स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक सांभाळा. नवीन चाचणी किंवा दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसती पीडीएफ पुरत नाही, ब्लॉकच लागतात. ते लॅबकडे मागता येतात. उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका, मेण वितळतं.
- दुसरं मत मागताना संकोच नको. मेंदूच्या गाठी आणि मूत्राशयाची टी१ गाठ यांत तज्ज्ञांमध्येही मतभेद होऊ शकतात. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कॅन्सरवर काम करत आहे, आणि बाहेरून आलेल्या स्लाइड मोठ्या कॅन्सर केंद्रांत पुन्हा तपासणं ही नेहमीची पद्धत आहे.
- आधीचे सगळे रिपोर्ट, एमआरआय, घेतलेली औषधं, टीबीचा इतिहास, तंबाखूचं व्यसन, काहीही लपवू नका. पॅथॉलॉजिस्टसमोर रुग्ण नसतो, फक्त तुकडा आणि फॉर्म असतो.

भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं नाव अग्रक्रमाने येतं. टाटा मेमोरियलमध्ये काम केलेल्या खानोलकरांना देशातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हटलं जातं. त्यांच्या काळात पॅथॉलॉजिस्टच्या हाती मुख्यतः मायक्रोस्कोप आणि काही रंग होते. आज जनुकांची तपासणी आली आहे, स्लाइड स्कॅन करून संगणकावर बघता येतात, काही ठिकाणी एआयची मदत घेतली जाते. पण सुरुवात अजूनही त्याच गुलाबी-जांभळ्या कापापासून होते, आणि तो काप चांगला यायचा तर ऑपरेशन थिएटरमध्ये योग्य तुकडा योग्य बरणीत पडावा लागतो.

त्यामुळे पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर असा रिपोर्ट आला, तर त्यातल्या एका शब्दावरून निष्कर्ष काढू नका. ग्रेड, थर, स्नायू आणि जनुकीय चाचण्या, हे सगळं एकत्र वाचल्याशिवाय गाठीचा स्वभाव कळत नाही. ते वाचून उपचार ठरवण्याचं काम तुमच्या डॉक्टरांचं आहे. पण कोणते प्रश्न विचारायचे, हे माहीत असणं तुमच्या हातात आहे.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्या.)*